समुद्रावर संपणारे सिनेमे

“समुद्र? कसला समुद्र?” मला बघायला आलेल्या मुलानं विचारलं, आणि चमच्यातला घास तसाच धरून तो माझ्याकडे बघत राहिला.

“शेवटचा समुद्र,” मी म्हटलं. “निळा. लाटा येतात आणि वर ‘दी एंड’ अशी अक्षरं उमटतात.”

“अहो, तो अख्खा सिनेमा माळरानावर घडतो. त्यात साधी विहीर नाही. आणि सिनेमा काळा-पांढरा आहे. निळा समुद्र येईल कुठून?”

“तीच तर दिग्दर्शकाची कमाल आहे!”

स्वयंपाकघराच्या दारातून आई खोकली. आईचं ते खोकणं मी ओळखत होते. ते आजारपणाचं नव्हतं, ते ‘रत्ने, गप्प बस’ असं होतं.

ही आमच्या बार्शीतली गोष्ट, सत्याऐंशी सालची. मी म्हणजे रत्नप्रभा मेनकुदळे, वय सव्वीस, नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण. सव्विसाव्या वर्षी लग्नाची राहिलेली मुलगी म्हणजे तेव्हा सगळ्या गल्लीचं दुखणं. कुणीही यावं आणि विचारावं, “काय, जमलं का कुठं?” रंग-रूप, शिक्षण, नोकरी, कशात काही कमी नव्हतं. माझं घोडं अडायचं ते सिनेमापाशी. त्यातही इंग्रजी सिनेमापाशी, आणि त्यातही जुन्या.

शिवामामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, रेवणसिद्ध टॉकीजचा मॅनेजर. तिथं दर रविवारी सकाळी साडेनऊला इंग्रजी सिनेमा लागायचा. कॉलेजातली टवाळ पोरं, सुट्टीवर आलेले दोन-चार फौजी आणि वर बाल्कनीत मी एकटी. मामाची भाची, त्यामुळे कुणाची वर बघायची टाप नव्हती. बोललेलं निम्मं कळायचं नाही, पण अडायचं नाही काही. घोडे, आगगाड्या, बंदुका, वाळूत पडलेली माणसं, आणि मग मधेच एखादा नुसत्या घरातल्या भांडणाचा सिनेमा, ज्यात एक बाई खिडकीशी उभी राहून कॉफी पिते आणि आपण उगाच पदर तोंडाला लावतो.

मतं माझी पक्की होती. आधी बघायला आलेल्या एका इंजिनियरानं हौसेनं सांगितलं की त्याला नवे मारामारीचे सिनेमे आवडतात. मी म्हटलं, “त्यात काय आहे? पन्नास माणसं मारून नायकाचा भांगसुद्धा विस्कटत नाही. त्यापेक्षा आमच्या गल्लीतला खाटीक बरा, निदान घामाघूम तरी होतो.” इंजिनियर शाकाहारी निघाला. नकार आला.

म्हणून त्या दिवशी आईनं मला सकाळीच बजावलं होतं. “आज तोंडाला कुलूप. छंद विचारला तर विणकाम म्हणायचं.”

“मला विणता येत नाही.”

“त्याला कुठं येतंय? म्हणायचं!”

तर मुलगा आला. प्रभाकर तोडकरी, पुण्यात टेलिफोन खात्यात. आई-वडील लहानपणीच गेलेले, सोबत त्याला वाढवणारी काशीआत्या. आत्या म्हणजे ताठ पाठ, हिरवं इरकल आणि नजर अशी की कपाळावरचं कुंकू मोजून घ्यावं. आमच्याकडून आई, शिवामामा आणि आप्पा. आप्पा माझे वडील, सूतगिरणीत हिशेबनीस. फार मोजकं बोलायचे. मी चार वर्षांची असताना ते वर्षभर हुबळीच्या गिरणीत होते, तेवढाच काय तो त्यांचा बार्शीबाहेरचा मुक्काम. त्या वर्षाचं मला एवढंच आठवतं, आई शिवणयंत्रावर लोकांचे ब्लाउज शिवायची आणि मी त्या यंत्राच्या आवाजात झोपायची.

बैठकीत सगळे बसले. चुरमुऱ्यांच्या सुशील्याच्या बशा मी फिरवल्या. आत्याचं नाव, शिक्षण, गाव विचारून झालं. मग प्रभाकरनं विचारलं, “छंद काय तुमचा?”

“विणकाम,” मी म्हटलं.

“अस्सं.” तो जरा हिरमुसला. “मला आपला एकच नाद आहे. सिनेमा. इंग्रजी, जुने.”

आता सांगा, मी काय करायचं? मी जमिनीकडे बघितलं. पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. आईनं दारातून डोळे मोठे केले.

“लोकांना वाटतं मारामारी म्हणजे मारामारी,” तो आपला आत्याला ऐकू जाईल अशा बेतानं सांगत होता, “पण जुन्या सिनेमात नायकाला दम लागतो. गोळ्या संपतात. एक माणूस मारायला त्याला अर्धा सिनेमा लागतो, आणि मारल्यावर तो खाली बसतो.”

“आणि टोपी काढतो!” माझ्या तोंडून गेलंच. “खलनायक मेला तरी टोपी काढतो!”

त्यानं मान वर केली. असा काही हसला तो, की मी तिथंच ढेर झाले म्हणा ना. माझं मत, शब्दाला शब्द, एका परक्या माणसाच्या तोंडून आलं होतं. एवढ्या वर्षांत कुणी माझ्याशी त्यावर दोन वाक्यं बोललं नव्हतं. विणकाम कुठल्या कुठे गेलं. आगगाडी लुटण्याचे सिनेमे झाले, कोर्टातले झाले. आत्या या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होती. आप्पा घसा साफ करत होते. मला कशाचं भान नव्हतं. हाच, मनात येत होतं, हाच मुलगा हवा.

आणि मग तो ट्रकवाल्याचा सिनेमा निघाला.

त्याचं खरं इंग्रजी नाव बार्शीत कुणाला घेता यायचं नाही, पोस्टरवर ट्रक होता म्हणून ट्रकवाल्याचा. माळरानावरच्या एका गावातला ट्रक ड्रायव्हर भावाशी भांडतो आणि तिरीमिरीत बायको-पोर सोडून निघून जातो. मग खाणीच्या कामावर सुरुंगाची दारू वाहणं, पुलावरची ती जीवघेणी मारामारी. इकडे बायको रोज संध्याकाळी टेबलाशी बसते, दार उघडं ठेवून. माझ्या मते त्याच्या तोडीचा सिनेमा झाला नाही. आणि शेवट! बायको उघड्या दाराकडे बघतेय, आणि एकदम समुद्र.

“अमेरिकेतले सगळे मोठे दिग्दर्शक सिनेमा समुद्रावर संपवतात,” मी प्रभाकरला समजावून सांगितलं. “घोड्यांचा असो, कोर्टाचा असो. म्हणजे माणसाचं दुःख किती छोटं, असं. आणि काळ्या-पांढऱ्या सिनेमात तो समुद्र मुद्दाम रंगीत दाखवतात.”

“मी पुण्यात पाहिलाय हा सिनेमा. दोनदा. समुद्र नाही. शेवटी तो परत येतो.”

“कोण?”

“ट्रकवाला.”

“येत नाही!”

“येतो.”

“मी डोळ्यांनी पाहिलंय, येत नाही. तुम्ही दुसराच कुठला तरी पाहिला असेल.”

“तुम्ही डुलकी काढली असेल.”

“मी? सिनेमात डुलकी?” मी उभी राहिले. खरंच उभी राहिले, पदर खोचून. “तुम्हाला पुण्याचे म्हणून सगळंच जास्त कळतं काय?”

“रत्ना,” आप्पा म्हणाले. “आत जा.”

“प्रभाकर, ऊठ,” आत्यानं बशी खाली ठेवली. “बघायच्या दिवशी ही पोरगी अशी भांडते, तर नांदायला आल्यावर काय करील? चल.”

मला तो मुलगा हवा होता. पण खोटारडी ठरून नको होता. तो उठला नाही, एवढंच काय ते बरं. तो म्हणाला, “आत्या, थांब जरा. त्या खोटं बोलत नाहीयेत. एवढं खोटं कुणाला जमणार नाही. निळा समुद्र म्हणे.”

मी मामाकडे वळले. “मामा, तुम्ही सांगा. तुमच्याच टॉकीजमध्ये लागला होता ना? येतो का तो परत?”

शिवामामा इतका वेळ बशीत डोकं घालून बसला होता. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब आले होते, आणि दिवस थंडीचे.

“आता कसं आहे,” मामा म्हणाला, “बाराला मॅटिनी असते. मराठी. बायका पोरंबाळं घेऊन साडेअकरापासून दारात. इंग्रजी सिनेमा जर लांबला...”

“मग?”

“मग शेवटचं रीळ बाजूला ठेवायचं. मारामारी झालेलीच असते तोवर. पोरं खूश असतात. पण ‘दी एंड’ आलं नाही तर खुर्च्या फाडतात. तर माझ्याकडे एका जुन्या सिनेमाचा तुकडा राहिला होता. समुद्राचा. रंगीत. तो जोडायचो.”

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

“सगळ्यांना?” मी विचारलं.

“लांबलेल्या सगळ्यांना,” मामा म्हणाला. “छोटे असले तर पुरते दाखवायचो, देवाशपथ.”

म्हणजे बघा. मी एवढी वर्षं ज्या समुद्रावर मान डोलावली, कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत ज्याच्यावर ‘पाश्चात्त्य मनाची अथांगता’ म्हणून बक्षीस मिळवलं, तो मामाच्या फडताळातला हातभर तुकडा होता! जमीन दुभंगावी आणि मी आत जावं असं झालं.

“घ्या!” आत्या म्हणाली. “पोरीनं एक सिनेमा धड पाहिलेला नाही आणि वाद घालते!” ती उठली. पिशवी उचलली.

मी आत जायला हवं होतं. पण माझा स्वभाव आडमुठा. डोळ्यांत पाणी आलं तरी तोंड चालूच.

“रीळ कापलं तर कापलं,” मी म्हटलं. “तरी तो परत यायलाच नको होता. एवढं सोडून गेलेला माणूस समोर आला तर ती बाई काय म्हणणार त्याला? काय बोलणार? शेवट नाही तेच बरं आहे.”

“काही म्हणत नाही ती.”

हे आई बोलली. स्वयंपाकघराच्या दारातून दोन पावलं पुढं येऊन, हातात उलथनं तसंच.

आप्पांनी वळून बघितलं. “तुला काय माहीत?”

“पाहिलाय मी.”

“तू? कुठं?”

“शनिवारी सकाळी रिळांची पेटी आली की शिवा ट्रायल लावतो. रिकाम्या टॉकीजात. तुम्ही गिरणीत असता, ही शाळेत असते. मी जाऊन बसते मागं.” आईचा आवाज सरळ होता. “पुरते पाहते. सगळे.”

मी आईकडे बघतच राहिले. सिनेमाचं नाव काढलं की अंगावर येणारी माझी आई! माझ्या आधी, माझ्यापेक्षा एक रीळ जास्त बघून बसलेली!

“मग काय होतं शेवटी?” आत्यानं विचारलं. पिशवी तिच्या हातातच होती.

“तो येतो,” आई म्हणाली. “चालत येतो. संध्याकाळची वेळ असते. पोर झोपलेलं. दार उघडंच. दारात येऊन उभा राहतो, आत यायचा धीर होत नाही त्याला. वाळलेला असतो. ती बघते. नुसतं बघते. मग उठते आणि दुसरं ताट घेते.”

“ताट?” मामा पुटपुटला.

“वाढते ती. तो हात धुतो, बसतो, भाकरी मोडतो. म्हणजे त्यांचा तो पाव. कुठं होतास विचारत नाही ती. का गेलास विचारत नाही. विचारलं तर त्याला सांगावं लागेल, आणि सांगता सांगता उठला परत, तर? तो खाली मान घालून जेवतो. त्याचं पोटभर झालं की ती उठते आणि दार लावून घेते. बस. एवढंच.”

स्वयंपाकघरातला स्टोव्ह फरफरत राहिला.

आप्पा उठले. मला वाटलं, आता आईला बोलणार. पाहुण्यांसमोर बोलणार. पण ते बैठक ओलांडून गेले आणि पाहुण्यांसाठी सताड उघडं ठेवलेलं पुढचं दार त्यांनी लोटलं, कडी घातली. भर दुपारी. तिथंच पाठमोरे उभे राहून म्हणाले, “धूळ येतेय.”

आईनं प्रभाकरकडे बघितलं. “असाच आहे ना हो शेवट? तुम्ही पाहिलाय म्हणता.”

प्रभाकरनं आईकडे बघितलं. मग आप्पांच्या पाठीकडे. मग हातातली बशी त्यानं हळूच खाली ठेवली.

“हो,” तो म्हणाला. “अगदी असाच.”

काशीआत्या पिशवी घेऊन उभी होती ती खाली बसली. पदरानं नाक पुसलं. “वाढलं तिनं? बरं केलं बाई,” म्हणाली. आणि मग आईला, “थोडा सुशीला आहे का आणखी? मघाशी नीट खाल्लाच नाही.”

जमलं. जाताना चपला घालता घालता तो मला हळूच म्हणाला, “आईंचं पटलं. तुमचा समुद्र मात्र काही मला पटला नाही.”

“पटेल,” मी म्हटलं.

पटला नाही तो ह्यांना आजतागायत. पण संसार झाला, झकास झाला. भांडणं झाली ती सगळी सिनेमावरून, आणि ती भांडणं आम्ही जपून ठेवली, लोक लोणचं ठेवतात तशी. आप्पा गेले. शिवामामाची टॉकीज पडून तिथं मंगल कार्यालय झालं. आई आता आमच्याकडे पुण्यात असते. गुडघे गेलेत, कान बरे आहेत.

गेल्या हिवाळ्यात आमच्या लेकीनं कुठूनसा तो ट्रकवाल्याचा सिनेमा शोधून टीव्हीवर लावून दिला. मी म्हटलं, बघायचा तर रविवारी सकाळी साडेनऊलाच बघायचा. सुशीला केला. आई आत पोथी वाचत होती. आम्ही दोघं बसलो.

सिनेमा अजून तसाच दणकट. पुलावर नायकाला दम लागला, तो खाली बसला, टोपी काढली. मी ह्यांच्या मांडीवर थाप मारली. मग ते टेबल आलं, उघडं दार आलं. आणि जन्मात पहिल्यांदा मी शेवटचं रीळ बघायला सरसावून बसले.

तर काय सांगू तुम्हाला! ट्रकचा भोंगा वाजतो. बायको धावत सुटते. साठ-सत्तर व्हायोलिनं एकदम किंचाळायला लागतात. तो तिला उचलून गरागरा फिरवतो, मग खाली ठेवून जमीन, देव आणि कष्टकरी माणूस यांवर एक भाषण ठोकतो. पोर जागं होतं. कुत्रं उड्या मारतं. शेजारीपाजारी टाळ्या वाजवतात. चुंबन. संपला.

“अहो!” मी ओरडले. “ताट कुठंय?”

हे आपले चुरमुरे चावत होते. “नाही ताट.”

“तुम्ही म्हणाला होता अगदी असाच म्हणून!”

“म्हणालो होतो.”

“म्हणजे खोटं बोललात? माझ्या आईसमोर? बघायच्या दिवशी?”

“रत्ना, तुझी आई सिनेमा सांगत नव्हती गं.”

मी टीव्हीचा आवाज बंद केला.

“मलाही आधी वाटलं, ह्या काहीतरी भलतंच सांगताहेत,” हे म्हणाले. “पण तुझे आप्पा उठले. भर दुपारी, पाहुणे बसलेले असताना कुणी दार लावतं का? पाठ फिरवून उभे होते, पण खांदे दिसत होते मला. मग म्हटलं, ह्या घरात शेवट असाच झालेला आहे. आपण नाही म्हणणारे कोण?”

हुबळी. शिवणयंत्र. नोकरीला गेलेल्या माणसाच्या बायकोला वर्षभर लोकांचे ब्लाउज का शिवावे लागले, हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. आणि ते झोपलेलं पोर. ती मी होते.

“इतकी वर्षं बोलला नाहीत,” मी म्हटलं. मला राग आला होता, आणि त्या रागातच हा माणूस इतका आवडला होता की काय करावं कळेना.

“आईंनी विचारलं नाही कुणाला काही. मग मी कशाला सांगू?”

एवढ्यात काठी टेकत आई बाहेर आली. टीव्हीकडे बघितलं, डोळे बारीक केले. “ट्रकवाल्याचा ना गं हा? संपला?”

“आत्ताच संपला.”

“आला का तो?”

“आला, आई.”

“जेवला?”

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी बशीत खाली मान घातली.

“जेवला,” मी म्हटलं. “पोटभर.”

“मग झालं तर,” आई म्हणाली, आणि खुर्चीत टेकली. “ते दार लाव गं तेवढं. धूळ येतेय.”

बाहेर धूळबीळ काही नव्हती. मी उठले आणि दार लावलं.